पेन्सिल फिरते, लीड मात्र बाहेर येत नाही

नोकरी सगळी ड्रॉइंग बोर्डावर गेली, त्यामुळे पेन्सिलींची खोड जुनीच. निवृत्तीनंतर जुन्या, खिशात ठेवायच्या, फिरवलं की लीड बाहेर येणाऱ्या पेन्सिली जमवायला लागलो. काही नागपूरच्या इतवारीत मोडीला निघालेल्या चांदीच्या ढिगातून वजनाच्या भावानं उचलल्या, काही नातेवाइकांच्या पेट्यांतून आल्या. मग ओळखीचे लोकही आपापल्या घेऊन यायला लागले. तक्रार ठरलेली: "आजोबांची आहे, चांदीची आहे, पण चालत नाही."

या "चालत नाही"च्या मागची कारणं मोजून पाच-सहाच आहेत आणि त्यातली निम्मी घरच्या टेबलावर, पाच-दहा रुपयांत निघतात. पेन्सिली मरतात त्या बिघाडामुळे नाही, दुरुस्तीमुळे. म्हणून हे क्रमानं लिहितोय. क्रम मोडू नका. पहिली पायरी बालिश वाटली तरी तीच आधी.

आधी लक्षण नीट ओळखा

"चालत नाही" हे लक्षण नाही. खालच्यापैकी नेमकं काय होतंय ते एका कागदावर लिहा.

एक, टोक किंवा मागची टोपी मोकळी, गुळगुळीत फिरते, पण लीड येत नाही. दोन, फिरतच नाही, किंवा अर्धा वेढा फिरून अडते. तीन, लीड येतं, पण कागदावर टेकवलं की आत सरकतं. चार, लीड येतं आणि सरळ गळून पडतं. पाच, फिरवताना करकर आवाज येतो, मध्येच सुटल्यासारखं वाटतं.

पहिली चार बहुतेक वेळा घरी सुटतात. पाचवं असेल तर इथेच थांबा आणि शेवटचा भाग वाचा. आतला मळसूत्री भाग झिजलाय किंवा त्यात फिरणारी पिन मोडलीय. आणखी फिरवाल तर उरलेले आटेही जातील.

नुसतं पाहा (खर्च शून्य)

सकाळच्या उन्हात खिडकीशी बसा. घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं भिंग असेल तर उत्तम, नसेल तर मोबाईलचा कॅमेरा मोठा करून टोकाच्या भोकात पाहा. भोक पोकळ दिसतं की त्यात काळं, चकाकणारं काही बसलंय? काळं चकाकतं ते जुन्या लीडचं थोटूक. पोकळ दिसलं तर आत लीड असेलच असं नाही.

हसू नका. सक्करदऱ्याचे एक गृहस्थ दोन दुकानांत दाखवून माझ्याकडे आले होते. दोन्हीकडे "आतली मशीन गेली" असं सांगितलेलं. आत लीडच नव्हतं. पन्नास-साठ वर्षं त्या पेन्सिलीत कोणी लीड घातलंच नव्हतं आणि सगळे मशीन तपासत बसले.

याच वेळी पेन्सिल कोणत्या जातीची आहे तेही पाहून घ्या, कारण एका जातीचा बिघाड हा दुसऱ्या जातीचा स्वभाव असतो. सगळ्यात जुन्या घराण्याचं मूळ १८२२ सालच्या इंग्रजी पेटंटमध्ये आहे. ते सॅम्पसन मॉर्डन आणि जॉन आयझॅक हॉकिन्स यांनी घेतलं होतं. या घराण्यातल्या बऱ्याच पेन्सिली फक्त पुढे ढकलतात, मागे ओढत नाहीत. उलट फिरवलं की आतला दांडा मागे जातो, लीड जागच्या जागी राहतं, ते बोटानं आत सारायचं असतं. पुष्कळ जण यालाच बिघाड समजतात. पुढच्या काळात, म्हणजे अमेरिकेत एव्हरशार्प नावाची पेन्सिल आणि जपानमध्ये तोकुजी हायाकावा यांची १९१५ ची पेन्सिल आली तेव्हापासून, या पेन्सिली घाऊक प्रमाणात निघायला लागल्या. (टीव्हीवाल्या शार्पचं नाव हायाकावांच्या त्या पेन्सिलीवरूनच आलं.) नंतरच्या काही पेन्सिलींत लीड एका बारीक चिमट्यात धरलेलं असतं, त्या लीड पुढेही नेतात आणि मागेही आणतात. तुमची कोणती, ते ठरवायला लीड आत न्यायच्या दिशेनं हलकेच शेवटपर्यंत फिरवा. पुढच्या सगळ्या पायऱ्यांत यंत्रणा अशी पूर्ण मागे असली पाहिजे. दांडा पुढे असताना टोकातून सुई घातली तर सुई दांड्याच्या नाकावर बसते आणि दांडा वाकतो.

लीडचं माप (खर्च शंभर रुपयांच्या आत)

सगळ्यात जास्त वेळा घोळ इथे होतो. म्हणून जरा बैठक मारतो.

आपल्या स्टेशनरीच्या दुकानात लीड मागितलं की ०.५ नाही तर ०.७ मिळतं. सीताबर्डीत फिरलात तर कुठे ०.९ मिळेल. जुन्या पेन्सिली या मापाच्या नाहीतच. १९२०-३० च्या दशकांतल्या बहुसंख्य अमेरिकन आणि इंग्रजी पेन्सिलींना १.१८ मिलिमीटर लागतं, म्हणजे इंचाचे शेहेचाळीस हजारांश. १९३० च्या दशकाच्या शेवटी काही मोठ्या कंपन्या ०.९ वर आल्या. त्याआधीच्या व्हिक्टोरियन काळातल्या छोट्या पेन्सिलींना तर सगळीकडे चालेल असं एकच माप नव्हतं. एवढी जाडी काहून, तर जुनी कांडी ग्रॅफाइट आणि माती भाजून केलेली असे, बारीक केली की कट्कन मोडे. ०.५ सारखं केसाएवढं लीड जमलं ते १९६० च्या दशकात, मातीऐवजी राळ वापरायला लागल्यावर.

आता १.१८ च्या नळीत ०.७ घाला. दांडा लीडला ढकलतो, लीड वाकडं होऊन नळीच्या भिंतीला टेकतं, दोन तुकडे होतात. एक गळून पडतो (लक्षण चार), दुसरा आडवा अडकतो (लक्षण दोन). नातवानं शाळेतलं लीड घालून पाहिलेलं असतं आणि दोष शंभर वर्षांच्या यंत्रणेवर येतो.

माप घ्यायला व्हर्नियर लागत नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाच्या दुकानात सर्किट बोर्डाला भोकं पाडायचे बारीक ड्रिल बिट मिळतात: ०.८, ०.९, १.०, १.१, १.२. त्यांची धारेकडची नव्हे, मागची गुळगुळीत बाजू वापरायची. मात्र सगळ्या बिटांची दांडी एकाच जाडीची असेल असा संच घेऊ नका, त्याचा काही उपयोग नाही. बिटचं मागचं टोक पेन्सिलच्या भोकाला नुसतं लावून पाहा, दाबू नका. १.१ अलगद जातं आणि १.२ जात नाही किंवा जेमतेम टेकतं, तर तुमचं माप १.१८. ०.९ अलगद जातं आणि १.० अडतं, तर ०.९.

दुकानात शोधत फिरण्याआधी पेन्सिलीच्या पोटात पाहा. बऱ्याच पेन्सिलींत मागच्या टोपीखाली जादा लीडची जागा असते. यार्ड-ओ-लेड या १९३४ सालच्या इंग्रजी कंपनीचं नावच त्यावरून पडलंय: तीन इंचांच्या बारा कांड्या, म्हणजे एक यार्ड लीड पोटात. एका पेन्सिलीच्या टोपीखाली मला मूळच्या चार कांड्या मिळाल्या होत्या, काळ्याभोर, एकही मोडलेली नाही.

१.१८ ऑनलाइन मागवावं लागतं. अगदीच अडलं तर १.३ चं लीड घ्या, बाराशे नंबरच्या पॉलिश पेपरची घडी करून त्यात धरा आणि बोटांनी फिरवत उतरवा. वेळखाऊ काम आहे, हात काळे होतात, पण जमतं. उलटं, म्हणजे बारीक लीडला कागद गुंडाळून जाड करणं, करू नका. कागदाचा तुकडा आत राहतो आणि तो काढायला पुढे मलाच बसावं लागतं.

अडकलेलं थोटूक (खर्च एका सुईचा)

यंत्रणा पूर्ण मागे. पेन्सिल टोक खाली धरून दुसऱ्या हाताच्या बोटावर टिचक्या मारा, टेबलावर नव्हे. कॅमेऱ्याची लेन्स साफ करायचा रबरी फुगा असेल तर टोकाशी चार-पाच फुंकरा मारा. खाली पांढरा कागद हवा. काळी भुकटी पडली तर थोटूक हललंय.

नाही हललं तर हातशिलाईची सुई, तीही बारीक. नाही तर गिटारची सगळ्यात पातळ तार बोटभर कापून घ्या. तारेला थोडी लवचीक असते म्हणून मला सुईपेक्षा तार बरी वाटते. थोटूक मागे ढकलायचं नाही, हे लक्षात ठेवा. मागे ढकललेलं थोटूक दांडा आणि नळी यांच्या फटीत पाचर बसल्यासारखं बसतं आणि मग पेन्सिल खोलण्याशिवाय इलाज नाही. थोटूक जागेवरच कुरतडायचं. सुईचं टोक मधोमध टेकवून चिमटीत गोल फिरवा, भुकटी झटका, पुन्हा फिरवा. नळीच्या भिंतीला खरडलं की तिथे ओरखडा पडतो आणि नवं लीड त्याच जागी मोडत राहतं.

थोटूक जुनं, कडक असेल तर मघाचा ड्रिल बिट धारेच्या बाजूनं, मापापेक्षा एक नंबर बारीक, हातानं फिरवा. यंत्राला लावू नका. हातानं फिरवताना कळतं की ग्रॅफाइट संपलं आणि धातू लागला: आधी खसखस लागते, मग एकदम गुळगुळीत. यंत्राला ते कळत नाही. मी स्वतःच्या आजोबांच्या पेन्सिलीचं टोक असंच यंत्रानं भोसकून फाडलंय. ती आजही खणात पडून आहे, लीड धरत नाही.

जड फिरते, चिकटते (खर्च एका छोट्या बाटलीचा)

थोटूक नाही, लीड बरोबर, तरी जड. इथे मी पहिला प्रश्न विचारतो, तेल घातलंय का? बहुतेक वेळा उत्तर "हो, थोडंसं, शिलाई मशीनचं" असं येतं.

तेल आणि ग्रॅफाइटची भुकटी एकत्र आली की काळी पेस्ट होते. त्यात खिशातली धूळ, कापसाचा तंतू. पहिले दोन दिवस पेन्सिल लोण्यासारखी फिरते आणि माणूस खूश होतो, महिन्याभरात ती घट्ट होते, मग तो आणखी तेल घालतो. महाल भागातल्या एका घड्याळजींकडे अशी एक घेऊन गेलो होतो. टोक भिंगाखाली धरून ते म्हणाले, "काका, तेल टाकलं ना यात? मग आता लिहीन कशी ते, वंगण झालं बाप्पा तिचं." ग्रॅफाइट स्वतःच कोरडं वंगण आहे. यंत्रणेला आणखी काही नको.

साफ करायला लायटर भरायचं पेट्रोल वापरा. ते चटकन उडून जातं आणि मागे चिकटा ठेवत नाही. कानकोरणीच्या कापसाला एक थेंब, टोकाच्या सांध्याशी लावायचं, दोन मिनिटं थांबायचं, मग पुढे-मागे सावकाश फिरवायचं. काळं पाणी बाहेर येईल, ते टिपा. असं पाच-सहा वेळा. खिडकी उघडी ठेवा आणि आसपास गॅस, उदबत्ती, देवापुढचं निरांजन यातलं काही नको.

पण पेन्सिलीचं अंग कशाचं आहे ते कळल्याशिवाय थेंबही लावू नका. चांदी, पितळ, सोन्याचा मुलामा असेल तर चिंता नाही. अंग रंगीत, मार्बलसारखं असेल तर ते सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक, असू शकतं. अंगठ्यानं जोरात घासून लगेच वास घ्या, कापरासारखा आला तर सेल्युलॉइड. त्याला नेलपॉलिश रिमूव्हर किंवा स्पिरिट लागलं तर ते विरघळतं. कोणी गरम सुई टोचून ओळखा म्हणून सांगितलं तर हात जोडा, सेल्युलॉइड भसकन पेट घेतं. काही रंगीत पेन्सिली केसीनच्या, म्हणजे दुधातल्या प्रथिनापासून केलेल्या असतात, त्या पाण्यात फुगतात. काळा, गंधकासारखा वास येणारा कडक रबर पाण्यानं आणि उन्हानं तपकिरी पडतो. हस्तिदंत आणि शिंपला ओले करायचेच नाहीत. म्हणून "रात्रभर साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवा" हा सल्ला मी कोणालाच देत नाही.

सरकतं, गळतं

माप बरोबर असूनही लीड आत सरकत असेल तर आधी दांडा लीडला टेकलाय का ते पाहा. तोकडं लीड घातलं तर दांडा आणि लीड यांच्यात फट राहते आणि लिहिताना लीड त्या फटीपुरतं मागे जातं. आणखी चार वेढे फिरवा, बस्स. तरीही सरकलं तर टोकाच्या नळीत उभी चीर गेलीय का ते भिंगातून शोधा. केसाएवढी काळी रेघ दिसली आणि नख फिरवल्यावर लागली तर ती चीर आहे. पक्कडीनं टोक "जरासं आवळणं" हा त्यावरचा उपाय नाही. चीर त्यानं वरपर्यंत जाते.

इथे थांबा

दोन बोटांच्या चिमटीनं फिरत नसेल तर थांबा. पकड मिळावी म्हणून जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा गुंडाळणं ठीक, पण त्यानंतर ताकद वाढवायची नाही. करकर आवाज आला, टोक वाकडं फिरतंय, चीर दिसली, किंवा यंत्रणा बाहेर काढायला नळी ओढावी लागेल असं वाटलं, तर थांबा. जुन्या चांदीच्या पेन्सिलींत आतला भाग बऱ्याचदा स्क्रूनं नव्हे, दाबून बसवलेला असतो. बाहेरून तो काढायची जागाच नसते, ओढलं की चांदीचं पातळ कवच चुरगळतं.

मग कोणाकडे? यंत्रणेसाठी घड्याळजी, आणि जो अजूनही चावीची घड्याळं उघडतो तोच. फक्त बॅटरी आणि पट्टे बदलणारा नको. कवचाला पोचा किंवा चीर असेल तर सोनार. इतवारीच्या सराफ्यात सफाईदार हाताचे कारागीर आहेत, पण त्यांना तीन गोष्टी आधी सांगायच्या. पहिली, बफ, म्हणजे पॉलिशचं फिरतं चाक, लावायचा नाही. कारागीर प्रेमानं चकाचक करून देतो आणि अंगावरची बारीक नक्षी आणि छाप दोन्ही पुसून जातात. इंग्रजी चांदीवर चालता सिंह म्हणजे ९२.५ टक्के, नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन. हे छाप गेले की मोडीच्या भावाची चांदी उरते. दुसरी, यंत्रणा आत असताना झाळ लावायची नाही. उष्णतेनं आतल्या स्प्रिंगची ताकद जाते. तिसरी, धुवायचं तर रिठ्याच्या पाण्यात, तेही नुसतं कवच. "जर्मन सिल्व्हर" निघाली तर नाराज होऊ नका, त्यात चांदी नसतेच, पण कामाला ती चिवट असते.

काही जण विचारतात, इंग्लंडला दुरुस्तीला पाठवू का? शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यात पुराणवस्तू ठरू शकते आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. छापावरून वर्ष आधी काढा, मग कुरिअरवाल्याकडे जा. हस्तिदंताची असेल तर विकायचा-विकत घ्यायचा विचारही सोडा, त्या व्यापारावर बंदी आहे.

पुन्हा तेच का होतं

दुरुस्त करून दिलेली पेन्सिल सहा महिन्यांनी त्याच तक्रारीसह परत आली की मी घरी जाऊन ती ठेवतात कुठे ते पाहतो. धरमपेठेतल्या एका घरी ती पितळी कलमदानात होती. सुंदर वस्तू, वेलबुट्टीची, मधे दौतीची जागा आणि बाजूला लेखण्यांना नळ्या. पेन्सिल त्या नळीत टोक खाली आणि लीड बाहेर, अशी उभी. नळीच्या तळाशी बोटभर धूळ, वाळलेली शाई, मेलेली मुंगी. रोज पेन्सिल खाली टेकायची आणि तो सगळा माल टोकात भरायचा. वर कूलर थेट टेबलाकडे. उन्हाळ्याचे तीन-चार महिने आपण कूलरच्या दमट हवेत बसतो, पाठोपाठ पावसाळा. पितळी नळीच्या आतून हिरवट थर आला होता, तो पेन्सिलीच्या टोकालाही लागला होता.

कलमदान, पेन्सिल स्टँड, कोरीव लाकडी पेटी, सगळं शोभेला ठेवा. त्यात पेन्सिल ठेवायचीच असेल तर लीड पूर्ण आत, टोक वर, आणि नळीच्या तळाशी सुती कापडाची घडी, दर महिन्याला बदलायची. चांदीच्या पेन्सिलीला रबरबँड लावू नका, लोकरीच्या किंवा फेल्टच्या अस्तरातही ठेवू नका, दोन्हींतल्या गंधकानं चांदी काळी पडते. मऊ जुनं धोतर सगळ्यात चांगलं. सेल्युलॉइडची असेल तर मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा पश्चिमेच्या खिडकीत विसरू नका, ती आकसते आणि आतली यंत्रणा आवळली जाते. तसं झालं तर मीही काही करू शकत नाही. सेल्युलॉइडच्या पेन्सिली झाकबंद डब्यात इतरांसोबत कोंबू नका, त्यातून निघणारा वायू शेजारच्या पितळेला खातो. त्यांना वेगळी, हवा खेळणारी पेटी द्या.